मऊ ब्रेकचा हंगाम

परवा कुरुंदवाडहून घरी येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. या हंगामातला पहिलाच. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्यात मावेल त्याहून जास्त ऊस, ड्रायव्हरच्या डोक्यामागं भलामोठा स्पीकर. रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून चाकं जाऊन जाऊन त्यांचा रस झालेला, त्यावर धूळ बसलेली. त्या चिकट पट्ट्यावरून टायर गेला की जुनं कापड फाडल्यासारखा आवाज येतो. हवेत मळीचा वास. बाहेरच्या पाहुण्यांना तो सोसत नाही, नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो आला की स्वेटर काढायचे दिवस आले, एवढंच कळतं. सगळा तालुका म्हणतो, हंगाम सुरू झाला. माझ्या उजव्या हाताची बोटं मात्र कुणी न सांगता ब्रेकच्या लिव्हरवर जाऊन बसतात आणि घर येईपर्यंत तिथून हलत नाहीत.

बोटांना ही सवय एका हंगामानं लावली. त्या हंगामात माझ्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक मऊ झाला होता, आणि तो मऊ आहे हे माझ्याशिवाय कुणालाही पटत नव्हतं.

मी एका दूध संघात सुपरवायझर आहे. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळच्या वेळी जायचं, दुधाचे नमुने घ्यायचे, फॅटचं यंत्र बरोबर दाखवतंय का बघायचं, आणि नमुन्यांची पेटी मागं बांधून पुढच्या गावाला निघायचं. स्कुटी या रस्त्यांना टिकत नाही. नवरा, प्रकाश, पुण्याकडं कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला तेव्हा त्याची मोटारसायकल माझ्याकडं आली. तेव्हा नुकताच पूर ओसरला होता. पाणी वाढायला लागल्यावर गाडी उंचावर म्हणून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन लावली होती, पण त्या वर्षी पाणी तिथंही चढलं आणि गाडी अर्ध्या चाकापर्यंत बुडून काही दिवस तशीच उभी राहिली. नंतर प्रकाशनं ती धुतली, इंजिनाचं ऑइल बदललं, आणि एका किकमध्ये सुरू झाली म्हणून आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पुरात भिजलेली गादी वाळली की आपण तिच्यावर झोपतो, तसंच ते झालं.

दिवाळी झाली, तोडणीच्या टोळ्या आल्या, माळावर पालं पडली, आणि काळ्या मातीतल्या गाडीवाटांवरून ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागले. नदीकडच्या गावांना जाणारा रस्ता आठवड्याभरात असा झाला की चाकोरीत गाडी घातली तर बाहेर निघत नाही आणि बाहेर घातली तर उभी राहत नाही. त्याच दिवसांत एका सकाळी संस्थेसमोर थांबायला म्हणून मी लिव्हर ओढली, आणि ती तुपात बोट जावं तशी थेट मुठीपर्यंत आत गेली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा ब्रेक लागला. समोर बांधलेली म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती. तिला काही वाटलं नाही. मी मात्र उतरून गाडी ढकलत संस्थेच्या दारापर्यंत नेली.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आयुष्यभर गुळाचे ट्रक घेऊन गुजरातपर्यंत गेलेला माणूस, ब्रेकबद्दल त्यांना नाही विचारायचं तर कुणाला विचारायचं? ते अंगणात आले, उकिडवे बसून चाकाकडं बघितलं, मग उठून लिव्हर दाबली. दगडासारखी घट्ट. पुन्हा दाबली. तशीच घट्ट.

"कडक हाय की," ते म्हणाले आणि आत गेले.

मीही दाबून बघितली. खरंच कडक होती. त्या क्षणी त्या गाडीचा मला जो राग आला, तो मी आजवर कुठल्या माणसाचा केलेला नाही.

मग सुरू झाली ती वणवण. चौकातल्या बाळू मिस्त्रीकडं गेले. बाळू मिस्त्री चांगला माणूस, हात स्वच्छ, आमच्या गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्याच जिवावर चालतात. त्यानं दुकानात गाडी उभी करून लिव्हर दाबली आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काहीच वाईट नव्हतं, म्हणून ती जास्त लागली. तरी त्यानं काम केलं. खाली चाकाशी एक छोटी निपल असते, तिला पारदर्शक नळी लावली, वर लिव्हर दाबून धरून खाली निपल सैल करत ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढली. नळीतून दोन-चार बुडबुडे आले. बघा, ही हवा, तो म्हणाला. मला ते बुडबुडे बघून इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. गाव ओलांडून पलीकडची वाट लागली, संस्थेपाशी आले, लिव्हर ओढली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली.

परत गेले. बाळूनं दाबली. कडक. त्यानं मग समजुतीच्या सुरात सांगितलं की वैनी, दोन बोटांनी दाबत असाल, चारी बोटांनी दाबत जावा. माझ्या हातात त्या वेळी वीस लिटरचा कॅन उचलून उचलून घट्टे पडले होते. मी ते त्याला दाखवायला हवे होते. दाखवले नाहीत. बरं, म्हणाले आणि निघून आले.

प्रकाश फोनवर होताच. त्याला रोज एक नवा व्हिडिओ सापडायचा. एकात सांगितलं होतं की संध्याकाळी लिव्हर मुठीला आवळून बांधून ठेवायची, सकाळपर्यंत अडकलेली हवा आपोआप वर येते. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर बांधली. आव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, गाडीला काय बांधलंय म्हणून विचारलं. करणी उतरवायला, असं मी म्हणाले, आणि त्यांना ते अगदी पटलं. सकाळी पट्टी सोडली. लिव्हर अशी ताठ की शपथ घ्यावी. पहिल्या गावापर्यंत ताठ होती. दुसऱ्या गावाला जाताना ती चाकोरीची वाट लागते. तिथून पुढं पुन्हा तेच.

शेवटी सुट्टी काढून कोल्हापूरला मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथं काचेच्या आत बसायला दिलं, थंड पाणी दिलं. पॅड बदलले, वरच्या पंपातले रबर बदलले, ऑइल नवं घातलं. गाडी परत देताना एका गणवेशातल्या मुलानं मला लिव्हर दाबायला लावली, कडक लागल्यावर हसला, आणि लेडीजना डिस्क ब्रेकची सवय नसते मॅडम, होईल हळूहळू, असा धीर दिला. कोल्हापूर ते आमचं गाव, सगळा रस्ता बरा. ब्रेक उत्तम. मी घरी येऊन आव्वांना सांगितलं की झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाच्या वाटेवर लिव्हर आत गेली तेव्हा मी गाडी कडेला लावली आणि उसाच्या बांधावर नुसती बसून राहिले. फडात कोयत्यांचे आवाज येत होते. वाळलेल्या पाचटाचा गोडसर वास येत होता. खरं तर सुंदर सकाळ होती. मला ती उचलून कॅनालमध्ये फेकून द्यावीशी वाटत होती.

मऊ हा आपल्याकडं किती कौतुकाचा शब्द आहे. मऊ भात, मऊ भाकरी, मऊ दुलई. मुलगी द्यायची असली तर सासरची माणसं मऊ आहेत का बघतात, आणि करायची असली तर पोरगी मऊ आहे का विचारतात. मी ज्याला त्याला ब्रेक मऊ आहे म्हणून सांगत होते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ उमटत नव्हती. आता वाटतं, ब्रेक मेलाय असं म्हणाले असते तर कुणी तरी दचकलं असतं.

पण त्या दिवसांची खरी भीती वेगळीच होती. मला माझ्याच हाताचा संशय यायला लागला. एवढी माणसं म्हणतायत, त्यातला एक जण आयुष्यभर ट्रक चालवलेला, एक रोज गाड्या दुरुस्त करणारा, एक इंजिनिअर नवरा. मी एकटीच खरी कशी असेन? घरात येता-जाता मी काहीही दाबून बघायला लागले. कुकरची मूठ, पाण्याची खटक्याची तोटी, कपड्याचे चिमटे. हात ठीक होता. मग मी हळूच एक तोड काढली. थांबायच्या आधी लिव्हर एकदा फुकट ओढायची, मग दुसऱ्यांदा खरी. दुसऱ्यांदा ती लागायचीच. बघता बघता मला त्याची इतकी सवय झाली की मी तक्रार करायचीही सोडून दिली. आज वळून बघताना त्या सगळ्या काळातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. बिघाड दुरुस्त होत नाही म्हटल्यावर मी त्याच्याशी संसार थाटला होता. समोर अचानक काही आलं, तर फुकट ओढायला वेळ कुठून मिळणार होता?

आव्वांच्या मनात वेगळं चाललं होतं. एके दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. ब्रेक लागत नाही, रस्ते असे, ट्रॅक्टरवाले असे, मग एवढं सोसून ती नोकरी करायची कशाला? घरात दोन म्हशी आहेत, त्यांचंच दूध बघ. आण्णा भाकरी मोडत राहिले. त्यांचं ते गप्प बसणं मला आव्वांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. माझा तोल गेला. मी म्हणाले की आण्णा, तुम्ही सगळे उभ्या गाडीचा ब्रेक बघताय. मी उभी गाडी चालवत नाही. एकदा माझ्यामागं बसा आणि मग सांगा माझ्या हातात जोर नाही म्हणून.

सुनेनं सासऱ्याला असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. ताटावरून कुणी उठलं नाही, पण दुसरी भाकरीही कुणी मागितली नाही.

सकाळी मी पेटी बांधायला बाहेर आले तर आण्णा गाडीपाशी उभे. डोक्याला मफलर, अंगात जुनं खाकी जाकीट. ती पेटी मांडीवर घेतो, म्हणाले. मी ती त्यांच्या हातात दिली. गावातून जाताना पारावरची माणसं बघत राहिली. आमच्याकडं सून सासऱ्याच्या मागं बसते, ती डोक्यावर पदर घेऊन, एका बाजूला पाय टाकून. सासरा सुनेच्या मागं, मांडीवर दुधाच्या बाटल्यांची पेटी घेऊन बसलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. एकानं विचारलंही, कुठं निघालाय आण्णा? ड्युटीवर, असं त्यांनी उत्तर दिलं.

पहिलं गाव झालं. ब्रेक उत्तम. मला वाटलं, ही गाडी आज माझी लाज काढणार. मग चाकोरीची वाट लागली. गाडी डावी-उजवी झोके खात होती, आण्णा पेटी सांभाळत होते, खांद्यावरून त्यांचा श्वास ऐकू येत होता. वाट संपून सडकेला लागलो तशी पुढं एक ट्रॉली होती. मी नेहमीसारखी अंतर ठेवून होते, पण फडातून एक बैलगाडी आडवी आली आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मी लिव्हर ओढली. आत काही नव्हतं. रिकामी. मागचा ब्रेक दाबला, चाक त्या चिकट रसावर घसरलं, आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर पुढचा लागला. थांबलो तेव्हा उसाची पाती माझ्या हेल्मेटच्या काचेला लागत होती. एक पान आण्णांच्या गालावर ओढलं गेलं होतं, बारीक लाल रेघ उमटली होती.

ट्रॅक्टर गेला, स्पीकरवरचं गाणं लांब गेलं, तरी आम्ही तिथंच. मला वाटलं, झालं, आता नोकरीवर पाणी. आण्णा खाली उतरले, पेटी नीट रस्त्याच्या कडेला ठेवली आणि बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले.

"दोनदा वढलास," ते म्हणाले. "पयला रिकामा गेला. मी बघितलं."

मी मान हलवली.

"आनी ह्ये रोजचंच हाय?"

"रोजचंच. ही वाट झाली की."

ही वाट झाली की. हे शब्द मी याआधी किती जणांना बोलले होते, पण ते माझ्या स्वतःच्याच कानावर त्या दिवशी पहिल्यांदा पडले. डांबरी रस्त्यावर कधीच नाही. कोल्हापूरहून आले तेव्हा नाही. उभ्या गाडीत तर मुळीच नाही. या वाटेवर गाडी आडवी हलते, आणि त्याच्यानंतरच होतं. म्हणजे ऑइलमध्ये दोष असता तर तो घरीही दिसला असता. दोष हलणाऱ्या कशात तरी होता. मी हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते काही तरी आठवत असल्यासारखे उभे राहिले, मग म्हणाले की चल, घरी जाऊन चाक उचलू.

नमुने संघात पोचवून आम्ही घरी आलो. अंगणात गाडी मेन स्टँडवर घेतली. आण्णांनी मागच्या सीटवर सगळा भार टाकला, तसं पुढचं चाक जमिनीवरून उचललं. मी आधी लिव्हर दाबून कडक करून घेतली. मग खाली बसले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि आडवं हलवलं. तळहाताला लागलं. टक. अगदी बारीक, दात हलत असल्यासारखं. पुन्हा हलवलं, टक. मी जोरजोरात हलवत राहिले, जसं त्या वाटेवर हलतं तसं. मग उठले आणि आण्णांना म्हणाले, आता दाबा.

त्यांनी मागून येऊन लिव्हर दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली.

त्यांनी पुन्हा दाबली. कडक. मी पुन्हा चाक हलवलं. पुन्हा मऊ. आम्ही हे किती वेळा केलं कोण जाणे. आव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि दोघांना वेड लागलंय की काय असं बघत होत्या. एवढ्या दिवसांत गाडी उभी असताना ती पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात मऊ झाली होती. चाक आडवं हललं की त्याच्याबरोबर डिस्क, म्हणजे चाकाला बसवलेली ब्रेकची तबकडी, हलत होती, ती तिला दोन्हीकडून धरणाऱ्या पॅडना मागं ढकलत होती, आणि मग पहिली ओढ नुसतं ते अंतर भरून काढण्यात जात होती. ब्रेकमध्ये काही बिघाड नव्हताच. म्हणून ब्रेक बघणाऱ्या कुणालाच तो सापडला नाही.

आण्णा पायरीवर बसले. त्यांनी मफलर काढून गुडघ्यावर ठेवला.

"दिवाळीपास्नं सांगत हुतीस," ते म्हणाले. "आमी उभ्या गाडीला इचारत बसलो."

दुपारी दोघं बाळू मिस्त्रीकडं गेलो. त्यानं नेहमीप्रमाणं आण्णांना विचारलं, काय म्हणतीया गाडी? आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. मला काय विचारतोस, गाडी तिची आहे, असं ते म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन पेपर उघडला. मग मी बाळूला चाक उचलायला लावलं, हलवून दाखवलं, लिव्हर त्याच्या हातात दिली. त्याचा चेहरा पडला. बिचारा प्रामाणिक होता. ब्रेक म्हटल्यावर ब्रेकच बघितला वैनी, चाकाकडं लक्षच गेलं नाही, म्हणाला. चाक काढलं, ज्यावर ते फिरतं ते बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. त्यातून वंगणाऐवजी तांबूस चिखल निघाला, बोटाला रेती लागावी तसा. आतल्या गोळ्या गंजून खडबडीत झाल्या होत्या. तो वास मी ओळखला. पूर ओसरल्यावर घराघरांतून आठवडाभर येतो तोच. शाळेच्या व्हरांड्यातलं पाणी चाकात शिरलं होतं आणि सगळं वाळलं असं आम्ही समजत असताना तिथं बसून राहिलं होतं.

नवं बेअरिंग बसवलं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरच्या पिना चिखलानं घट्ट झाल्या होत्या, त्याही साफ केल्या. बाळूनं गाडी फिरवून आणतो म्हटल्यावर आण्णांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं की ती जाऊन येईल.

मी एकटी गेले. मुद्दाम त्या वाटेनं गेले, मुद्दाम चाकोरीत घातली, गाडी डावी-उजवी होऊ दिली. सडकेला आले. संध्याकाळ होत आली होती, उसाच्या तुऱ्यांवर तिरपं ऊन, लांब कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ वर चाललेला. मोकळा रस्ता बघून लिव्हर ओढली. पहिल्याच ओढीला लागली. चाक जागच्या जागी, गाडी पुढं झुकून थांबली. वळून पुन्हा त्या वाटेनं गेले, पुन्हा आले, पुन्हा ओढली. लागली.

मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही. नुसता संताप आला. त्या चार बोटांच्या सल्ल्याचा, त्या काचेतल्या हसण्याचा, व्हिडिओंचा, कडक हाय की म्हणून आत गेलेल्या पाठीचा, आणि सगळ्यात जास्त, मी कुकरची मूठ दाबून बघत उभी होते त्या दुपारींचा. तिथंच कडेला गाडी लावून हेल्मेटच्या आत रडले. एक ट्रॅक्टरवाला वेग कमी करून, पावणं, काय झालं, म्हणून विचारून गेला.

दुकानात परत आले तेव्हा आण्णा बाहेर येऊन रस्त्याकडं बघत उभे होते. त्यांनी आधी गाडीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"धरतोय?"

"धरतोय."

"मग डोळं का लाल?"

"राग आलाय, आण्णा."

त्यांनी मान हलवली. मी समजूत घातली जाईल म्हणून वाट बघत होते. झालं गेलं, असं काहीतरी. त्याऐवजी त्यांनी बाळूला तीन चहा सांगायला लावले, बाकड्यावर माझ्यासाठी जागा केली, आणि माझा राग ओसरेपर्यंत शेजारी बसून राहिले. अंधार पडायला लागला तरी त्यांनी, चल आता, असं म्हटलं नाही.